लै दिवस झाले, भावा

कोल्हापुरात भुकेचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. कुणाच्याही दारात उभे राहा, पायातल्या चपला निघायच्या आत आतून आवाज येतो, "जेवलास काय?" आणि भूक तशी समजूतदार असते. तिला भाकरी चालते, शिळी चालते, बरोबर नुसता खर्डा असला तरी ती कुरकुरत नाही. अडचण सुरू होते ती पोट भरल्यावर. दुपारी आमटी-भात व्यवस्थित जेवून, वर ताक पिऊन पंख्याखाली आडवा झालेला माणूस एकाएकी उठून बसतो, छताकडे बघतो आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणतो, "मटण खाऊन लै दिवस झाले." तो वार बुधवार असतो. रविवारी याच माणसानं पांढऱ्या रश्शाच्या किती वाट्या रिचवल्या हे मोजणं घरातल्यांनी अर्ध्यातच सोडून दिलेलं असतं.

"लै दिवस" हे आमच्याकडचं काळ मोजायचं माप आहे आणि ते वस्तूप्रमाणे बदलतं. मटणाचे लै दिवस म्हणजे तीन. मिसळीचे दीड. सासुरवाडीला जाऊन लै दिवस झाले म्हणजे गेल्या दिवाळीच्या आधीची दिवाळी, आणि त्यात घाई करण्यासारखं काही नसतं.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींचं म्हणणं असं, की शरीराला जे कमी पडतं ते शरीर बरोबर मागून घेतं. लोह कमी पडलं की मटण, कॅल्शियम कमी पडलं की दूध. ऐकायला हे फार शास्त्रीय वाटतं. शंका एकच उरते. शरीर इतकं हुशार असेल तर त्याला आजवर एकदाही शेपू कसा कमी पडला नाही? रात्री साडेदहाला गाडीला किक मारून दुधी भोपळ्याच्या शोधात निघालेला माणूस मी तरी रंकाळ्यावर पाहिलेला नाही.

पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकारी बाईंनी 1994 मध्ये याची एक गमतीदार परीक्षा प्रसिद्ध केली. चॉकलेटसाठी जीव टाकणाऱ्या लोकांना त्यांनी कोकोतली द्रव्यं कॅप्सूलमध्ये भरून दिली. इच्छा जागची हलली नाही. मग ज्यात ती द्रव्यं नाहीत असं पांढरं चॉकलेट दिलं, तर थोडा तरी आराम पडला. म्हणजे मागणी रक्ताची नव्हती, जिभेची होती. हा प्रयोग त्यांनी उगाच इतका खर्च करून तिकडं केला. तांबड्या रश्शाची गोळी करून मंगळवार पेठेत वाटली असती, तर निष्कर्ष पाच मिनिटांत आणि बऱ्याच मोठ्या आवाजात मिळाला असता.

तल्लफेला पत्ता असतो, हे तिचं पहिलं लक्षण. भूक म्हणते, काहीतरी खाऊया. तल्लफ म्हणते, मिसळ. आणि मिसळ म्हणजे अमुक ठिकाणचीच. एक उद्यमनगरात फडतऱ्यांकडं, दुसरा बावड्याला, तिसरा चोरग्यांकडं, चौथा खासबागेत. हे चौघे एकमेकांचे जिवलग मित्र असतात आणि बाकीच्या तिघांना मिसळीतलं काही कळत नाही यावर प्रत्येकाचं एकमत असतं. चौघांनाही पत्ता आजोबांकडून आलेला. वारसाहक्कात रान मिळालं नाही म्हणून भावाभावांत बोलणं तुटलेली घरं मला ठाऊक आहेत, पण मिसळीचं दुकान बदललं असं घर अजून पाहायचंय.

ताटलीत काय असतं ते जवळून बघा. खाली मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण आणि शेव, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. शेजारी पाव म्हणून येतात ते स्लाईस ब्रेडचे तुकडे. इथं लादीपाव मागणारा परगावचा म्हणून लगेच ओळखू येतो. मग बादली घेऊन पोरगा येतो आणि कट ओततो. त्या क्षणी वरचा तांबडा तवंग सगळ्या ताटलीभर पसरतो, शेव बसकण मारते आणि नाकाला पहिली सूचना मिळते. "कट?" "वाढ." "अजून?" "वाढ की मर्दा, हात का आखडतोस?" माझ्या पुण्याच्या मेहुण्यांनी एकदा मान वर करून विचारलं होतं, "जरा कमी तिखट मिळेल का?" शेजारची दोन टेबलं गप्प झाली. पोरगा मात्र सभ्य होता. म्हणाला, "मिळंल की. मध्ये मध्ये थांबून खावा."

यातली खरी गोम मिरचीत आहे. मिरची ही आमच्या मातीतली नव्हेच. अमेरिका खंडातली ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इकडं आणली. म्हणजे कोल्हापूरकरांचा तिखटपणा फार तर पाचशे वर्षांचा. त्याआधी इथली माणसं एकमेकांशी कशी बोलत असतील, कल्पना करवत नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या जाणीवकेंद्राला चिकटतं ते मुळात उष्णतेचं केंद्र. साधारण 43 अंशांच्या वर काही भाजलं की ते बोंब मारतं, आणि मिरची लागली तरी तीच बोंब मारतं. मेंदूला वाटतं, तोंडाला आग लागली. हे केंद्र शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना 2021 चं नोबेल अर्धं मिळालं. पक्ष्यांच्या अंगात मात्र हे केंद्र कॅप्सायसिनला दाद देत नाही. पोपट मिरची खातो कारण त्याला ती तिखट लागत नाही. आम्ही खातो कारण लागते. नाकाडोळ्यांतून पाणी, टाळूला घाम, कानांतून वाफ निघतेय असा भास, आणि या अवस्थेत माणूस हात वर करून म्हणतो, "पोरा, कट!"

एवढी आग लावून घ्यायची तर बंबही जवळ हवा. तोही आहे. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दुधानं मात्र त्याचा जोर उतरतो. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. लोक मिशीला फेस लावून रस्त्यातच उभे असतात. दुखणं आणि औषध एकाच शहरात, दोन्हींची तल्लफ तितकीच कडक, आणि दोन्हीकडं जाणारी माणसंही तीच.

आता दुसरं लक्षण, आणि माझ्या मते हेच महत्त्वाचं. तल्लफ एकट्याला येत नाही. आली तरी तो ती एकट्यानं भोगत नाही, फोन उचलतो.

"काय करालाईस?"

"काय न्हाई."

"घरातच?"

"हां."

"पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडं?"

"हाय की."

इथं थोडा वेळ शांतता. दोघंही पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहतात, पाऊस दोघांवर एकच पडतोय.

"मी म्हणालतो, मळ्याकडं एक चक्कर टाकूया."

"कोण कोण हाय?"

"तू हो म्हण, मग बघू."

या सगळ्या बोलण्यात मटण हा शब्द एकदाही आलेला नाही याकडं लक्ष द्या. तो पहिल्यांदा उच्चारणारा गडी हलका ठरतो. संध्याकाळी सातपर्यंत दोघांचे अकरा होतात. याला आमच्याकडं रस्सा मंडळ म्हणतात. घटना नाही, नोंदणी नाही, तरी कामांची वाटणी अशी चोख की सहकारी संस्थांनी येऊन शिकावं. एकजण मटणाला जाणार. त्याचा खाटीक ठरलेला, आणि तो समोर उभा राहून चाप, नळी, कलेजी बोट दाखवून घेणार. एकजण चूल लावणार. एकजण कांदा-खोबरं भाजणार आणि बाकीच्यांना पातेल्याजवळ फिरकू देणार नाही. दोघं मिठावर मत देणार. एकजण डॉक्टरनं बंद केलंय म्हणून नुसती सोबत द्यायला आलेला. तो "मी आपला जरासा पांढरा घेतो" एवढंच म्हणतो आणि पातेलं संपेपर्यंत तेवढंच म्हणत राहतो.

मटण शिजायला ठेवलं की पहिल्यांदा अळणी निघते, हळद-मीठ घातलेलं ते पाणी. त्याची एक-एक वाटी फिरते. मग नारळाचं दूध पडून त्याचा पांढरा होतो, चटणी पडून तांबडा. चुलीच्या भोवती अकरा माणसं बसलेली, बोलणं बंद, सगळ्यांचे डोळे एका झाकणावर. माणूस सगळ्यात सुखी कधी असतो असं मला कुणी विचारलं तर मी ही वीस मिनिटं दाखवीन. अजून काहीच खाल्लेलं नसतं.

कारण पुढं काय होतं ते ऐका. ताटं वाढली जातात, पहिले चार घास कुणी बोलत नाही. पाचव्या घासाला कुणीतरी म्हणतं, "चांगला झालाय. पण गेल्या वर्षी त्या कागलच्या मळ्यात झाला होता, तसा नाही." झालं. सगळे एकदम जागे होतात. त्या रश्शाला विहिरीचं पाणी होतं, त्या बकऱ्याचं वजन बेताचं होतं, त्या दिवशी लाकूड बाभळीचं होतं. हातात तांबड्याची वाटी, तोंडात नळी आणि जीभ गेल्या वर्षात. हात धुताना पुढच्या बेताची तारीख ठरते. गेल्या वर्षी कागलच्या मळ्यातही हेच झालं होतं. तिथं बसून आम्ही त्याच्या आदल्या वर्षीच्या रश्शाची आठवण काढत होतो. पण ते कुणी बोलून दाखवत नाही.

मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज नावाच्या संशोधकानं उंदरांवर काम करून सांगितलं, की मेंदूत हवं वाटणं आणि आवडणं ही दोन वेगळी खाती आहेत. डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर समोरच्या अन्नाकडं वळेनात, पण जिभेवर साखरपाणी ठेवलं तर मिटक्या मारत. उलट डोपामिन वाढवलं तर हपापल्यागत खात सुटत, आवड मात्र काडीनं वाढत नसे. हे वाचल्यावर मला आमच्या चौकातली पानपट्टी आठवली. तिथं मावा घोटून घेणारा, कच्ची सुपारी, तंबाखू, चुना, तळहातावर पुडी चोळत उभा राहणारा एकही माणूस "वा, काय चव आहे!" म्हणताना ऐकलेला नाही. चव कधीच मेलेली असते. उरलेलं असतं ते हवं वाटणं, आणि ते बिल मागायला कॅन्सरच्या वॉर्डापर्यंत येतं. या तल्लफेवर विनोद करायला मला जमत नाही, म्हणून पुढं जातो.

तल्लफेला बंदी लागते. बंदीशिवाय ती पोसत नाही. वर्षभर हलवायाकडं मिळणाऱ्या जिलेबीकडं कोल्हापूरकर ढुंकून बघत नाही. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट उजाडला की मात्र चौकाचौकांत मांडव पडतात, कढया चढतात आणि झेंडावंदन करून आलेला प्रत्येकजण किलोच्या पुड्या घेऊन घरी जातो. त्या सकाळी जिलेबी खाल्ली नाही तर स्वातंत्र्याला काही धोका आहे, असंच वातावरण असतं. 27 जानेवारीला तीच जिलेबी, तोच हलवाई. कुणाला हाक मारून द्यावी लागते.

आणि आखाड. पंचगंगेला नवं पाणी येतं, मंगळवारी-शुक्रवारी गल्लोगल्लीच्या बायका ते पाणी डोक्यावर घेऊन टेंबलाईच्या डोंगराकडं निघतात, पुढं पी-ढबाक वाजत असतं. देवीला नवं पाणी वाहिलं की गल्लीत जेवणं. श्रावण दारात उभा असल्यामुळं आखाडात माणूस आजच्यासाठी खात नाही, पुढच्या महिन्याची बेगमी करतो. मग श्रावण लागतो. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून काय होतं ते पाहिलं होतं. त्यांचं प्रेमात लक्ष लागेना, राजकारणात लागेना. काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करून तासन् तास वाचत बसू लागले. आमच्याकडं श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही वेळ भरपेट वरणभात जेवलेले गृहस्थ गच्चीत जाऊन मोबाईलवर मटणाचे व्हिडिओ बघतात. आवाज बंद ठेवून. घरातल्यांना संशय भलताच येतो.

ही गोष्ट घरापुरती राहिली नाही, असंही एकदा झालंय. 2019 चा नोव्हेंबर आठवा. विधानसभेचे निकाल लागून गेलेले, मुख्यमंत्री कोण होणार याचा पत्ता नाही, एक शपथविधी तर पहाटेच उरकलेला. सगळं राज्य मुंबईकडं डोळे लावून बसलेलं, आणि कोल्हापूर मटणाच्या दरावर. दर किलोला सहाशेच्या घरात गेला होता. कसबा बावड्यातून आवाज उठला, पेठांत बैठका झाल्या, कृती समिती झाली, विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली, बोलणी प्रशासनापर्यंत गेली. बाहेरची वर्तमानपत्रं हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्याच हिवाळ्यात कांदा शंभरीपार गेला, तेव्हा सगळा देश कुरकुरला. कुरकुर करून घरी गेला. आम्ही समिती नेमली. ज्या गावानं आपल्या इच्छेला इतकं गंभीरपणे घेतलं, त्या गावाला लोकशाही कळत नाही असं म्हणता येणार नाही.

यात एक हिशेब मात्र चुकतो, तो सांगायलाच हवा. वर सांगितलेल्या अकरा जणांत एकही बाई नाही. बायकांच्या तल्लफेला आपल्याकडं अधिकृत मान्यता नऊ महिनेच. सुश्रुतानं सांगून ठेवलंय, गर्भिणीची इच्छा मोडू नका, मूल अधू होईल. कालिदासाची सुदक्षिणा राणी माती खाते आणि दिलीप राजाला त्याचं कौतुक. आमच्या आत्तीच्या मते डोहाळे राहिले तर पोराचा कान फुटतो. म्हणून त्या दिवसांत चिंच, कैरी, भेळ, मागेल ते हजर. बारशाचे पेढे संपले की पुन्हा सगळ्यांच्या आवडीचं करायचं, आणि स्वतःला काय हवंय हे विचारलं तर "मला काय, काहीही चालतं." मी एकदा आमच्या घरात नेटानं विचारलं, तुला खरंच कशाची तल्लफ येते? क्षणाचाही विचार न करता उत्तर आलं, "आयत्या ताटाची. पदार्थ कुठला का असेना." आमच्या रस्सा मंडळातल्या एकानं तर याही खात्यातून स्वतःची सोय लावली. तो म्हणतो, "माझ्या वेळी आईला मटणाचे डोहाळे होते आणि नेमका श्रावण होता. ते राहिलेलं मी फेडतोय." पन्नाशी ओलांडली, अजून फिटलेलं नाही. त्याच्या आईला शेवटी मटण मिळालं का, हे त्याला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं कधी.

पुण्या-मुंबईला गेलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. तिथल्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी मिळते, लाल रंगाची, वर एक तळलेली मिरची आडवी ठेवलेली. ती आमच्या कुठल्याही घरात कधीच होत नाही. हे बिचारे ती मागवतात, एक घास खातात आणि गप्प बसतात. दिवाळीहून परतताना मग कांदा-लसूण चटणीची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतात, आणि कराड यायच्या आत सगळ्या गाडीला कळतं की कोल्हापूरचं कोणीतरी आहे.

तेव्हा आमच्याकडं याल ते पोटभर न्याहारी करून येऊ नका. मिसळीला सकाळीच जा. दुपारी जाऊन संपली म्हणून तक्रार केलीत तर तुमचीच चूक काढली जाईल. पाव जपून घ्या, कट हवा तेवढा मागा, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे लावत नाहीत. मळ्यावर कुणी बोलावलं तर पातेल्याजवळ जाऊ नका आणि मिठाबद्दल मत देऊ नका, ती माणसं ठरलेली आहेत. जेवताना कुणी गेल्या वर्षीच्या रश्शाची आठवण काढली, तर तुम्ही तिथं नव्हता हे बोलू नका. "तसा परत झाला नाही" म्हणा आणि वाटी पुढं करा. आणि येताना वहिनींना घरी ठेवून येऊ नका. ताट आयतं आहे.